पांढरं भरायचं राहिलं

हिलाल मास्तर गेल्याचं मला नळावर कळलं. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत पाणी सकाळी अर्धा तास येतं आणि त्या अर्ध्या तासात कोणाला मरायलाही फुरसत नसते, असं मी नेहमी म्हणायचे. त्या दिवशी माझा हंडा निम्मा भरला होता. माझी नणंद सुमन मागून आली. तिच्या हातात भांडं नव्हतं, आणि नळावर रिकाम्या हातानं आलेली बाई वाईट बातमीच घेऊन आलेली असते. ‘‘वहिनी, हिलाल मास्तर गयात वं,’’ ती म्हणाली. आदल्या दुपारी जेवून खाटेवर पडले, त्यांच्या बायकोनं, माईंनी, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. अटॅक. मी ‘अगं बाई’ म्हटलं आणि हंडा भरत राहिले. तो भरला, वाहायला लागला, मागची बाई ओरडली, तरी मी तशीच उभी... त्या वेळी मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण आज सगळंच सांगायला बसले आहे. मनात आलं, सुटले. हंडा कमरेवर घेऊन घराच्या उंबऱ्यापाशी आले तेव्हा कळलं, की सुटले कसली, आता तर जन्माची अडकले. मी मास्तरांशी एकदा खोटं बोलले होते. ते खोटं खरं मानून त्या माणसानं पुढची साडेतीन वर्षं काढली. त्यांना खरं काय ते सांगायचं, एवढंच एक काम माझ्याकडे होतं, आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होते.

मास्तर शिरपूरकडचे, मी अमळनेरजवळची. दोघांचीही गावं तापीकडची, आणि तापीही आमच्यासारखीच तिकडून निघून सुरतेला येते. ते वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. एका प्रिंटिंग मिलमध्ये वीस-बावीस वर्षं ट्रेसिंगचं काम केलं त्यांनी. साडीवर छापायच्या डिझाइनमध्ये सहा रंग असतील तर सहा वेगळ्या फिल्म काढायच्या. पाकळ्यांची एक, पानांची दुसरी, देठांची तिसरी. रंग कुठलाही असो, फिल्मवर काढायचं काळ्या शाईनंच. जिथं काळं, तिथं रंग लागणार, आणि जिथं काहीच काढलेलं नाही, तिथं कापड तसंच पांढरं राहणार. मास्तरांची बोटं इतकी स्थिर होती, की बाजूनं मालगाडी गेली तरी रेघ हलायची नाही. स्वभाव मात्र एकदम तिखट. समोरच्याचा अपमान झाला हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं, आणि कळलं की ते काही बोलायचे नाहीत, नुसते आपल्या डब्यातली मिरचीची भाजी त्याच्या पुढ्यात सरकवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे आईवडील मी लग्न होऊन सुरतेत आल्यावर दोन वर्षांत गेले. त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडच्या सगळ्या लेकी माहेरी जातात, तेव्हा मी घरात एकटी बसून मजुरीवर आणलेल्या साड्यांचे धागे कापत होते. मास्तर दारात येऊन म्हणाले, ‘‘चल माय, तुझी माई सांजोऱ्या तळते आहे.’’ त्या दिवसापासून त्यांचं घर ते माझं माहेर.

प्लेगच्या साथीच्या वर्षी सगळी सुरत रिकामी झाली होती. त्याच्या पुढच्या वर्षी हसमुखभाई नावाच्या एका व्यापाऱ्यानं कपडा मार्केटच्या मागे, चौथ्या माळ्यावर, कार्टूनचं ऑफिस उघडलं. परदेशात टीव्हीवर एक मालिका चालायची, तिची चित्रं स्वस्तात आणि वेळेवर रंगवून देणारी माणसं तिथल्या लोकांना हवी होती. हसमुखभाईच्या डोक्यात बरोबर आलं, की रेघेवर रेघ मारणारे हात सुरतेत जेवढे आहेत तेवढे दुसरीकडे कुठे मिळणार? त्यांनी मास्तरांना गाठलं. मास्तरांनी मिलमधली नोकरी सोडली. आपल्या हाताखालचे पाच ट्रेसर घेतले आणि रंग भरायला लिंबायत, डिंडोलीच्या सतरा बाया गोळा केल्या. त्यात मी आणि सुमन. मी दहावी पास, म्हणून बायांवर मला मुकादम नेमलं. खरं सांगते, घराबाहेर पंख्याखाली बसून, खुर्चीवर बसून काम करायचं, हे आमच्यापैकी कोणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या नव्या साड्या नेसून गेलो होतो, लग्नाला निघाल्यासारख्या.

काम असं असायचं. मुंबईहून कागदावर काढलेली चित्रं यायची. मास्तरांचे ट्रेसर ती पारदर्शक पन्नीवर उतरवायचे. मग ती पन्नी उलटी करून आम्ही मागच्या बाजूनं रंग भरायचा. रंगांच्या बाटल्यांना आकडे होते. एका पापणीची उघडझाप करायची तरी पाच-सहा पन्न्या लागायच्या. हे सगळं मुंबईला जाणार, तिथं मागे देखाव्याचं चित्र ठेवून एकेका पन्नीचा फोटो निघणार, आणि मग तो गडी हलणार. गडी म्हणजे आमचा हीरो, थीसियस. ग्रीक लोकांच्या फार जुन्या पुराणातला वीर. पण या मालिकेत त्याला जीन्सची पँट आणि चाकाचे बूट घातले होते. शहराच्या खाली गाड्या ठेवायचं एक भलंमोठं तळघर, त्याच्या वाटा कोणालाच उमगत नाहीत, आणि आत बैलाचं तोंड असलेला एक राक्षस. त्याला मारायला हा निघतो, तेव्हा त्याची मैत्रीण त्याला वाट चुकू नये म्हणून कॅसेटमधली टेप देते, ती सोडत सोडत जायचं. आम्ही बाया हसून हसून बेजार. सुमन म्हणाली, ‘‘टेप कशाला? आमच्याकडून धाग्याची एक बॉबिन न्यायची ना, राक्षसाचं घरदार गुंडाळून आला असता!’’ थीसियस हे नाव काही आमच्या तोंडात बसेना. आम्ही त्याला ठेसू म्हणायचो. ठेसूचा पाय आज माझ्याकडे आहे, ठेसूचे केस तुझ्याकडे, असं चालायचं.

मुंबईहून माल न्यायला देसाई नावाचे गृहस्थ यायचे. त्यांनी एकदा चहा पिताना आम्हाला मूळ गोष्ट सांगितली. राक्षसाला मारायला निघताना पोरगा बापाला वचन देतो, की मी जिवंत परत आलो तर गलबतावर पांढरं शीड लावीन. मेलो तर काळंच राहील. राक्षस मरतो, पोरगा परत येतो, पण शीड बदलायचं विसरतो. बाप कड्यावरून काळं शीड बघतो आणि समुद्रात उडी टाकतो. पण परदेशातल्या लहान मुलांना रडवायचं नाही, म्हणून या मालिकेत त्यांनी शेवट बदलला होता. यातला बाप दीपस्तंभावर काम करतो, पोराला ऐन वेळेला आठवण होते, पांढरं शीड वर चढतं आणि बापलेक भेटतात. आमच्याकडे तेव्हा तोच शेवटचा भाग आला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी कप खाली ठेवून विचारलं, ‘‘पण मूळ गोष्टीतला तो पोरगा खरंच विसरला का?’’ देसाई म्हणाले, विसरला, जिंकल्याच्या आनंदात होता. मास्तर म्हणाले, ‘‘एवढी गोष्ट कोणी विसरतं का हो?’’

आता त्या चुकीकडे येते. मास्तरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं, की पांढरं भरायचं नसतं. पांढरं म्हणजे कापड. डोळ्यांतला पांढरा भाग, दात, बुटाचे बंद, शीड, सगळं मोकळं सोडायचं. वीस-बावीस वर्षं ज्याच्या हाताला पांढऱ्याची रेघ माहीत नाही, तो दुसरं काय शिकवणार? पन्नी म्हणजे कापड नव्हे, मोकळं सोडलं की तिच्यातून आरपार दिसणार, हे साड्यांच्या कामातून आलेल्या आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आणि यायचं तरी कसं? आमच्या टेबलांवर पांढरी काच, तिच्याखाली ट्यूबलाइट. त्यावर ठेसूचे डोळे कसे स्वच्छ पांढरे दिसायचे! फक्त एक गोष्ट मला टोचत होती. एक नंबरच्या पांढऱ्या रंगाच्या बाटल्या एवढ्या आल्या होत्या, आणि एकाही बाटलीचं बूच उघडलेलं नव्हतं. एका सोमवारी सकाळी मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘मास्तर, भरायचंच नाही तर या लोकांनी इतकं पांढरं पाठवलं कशाला?’’ मास्तर म्हणाले, ‘‘दुसरे रंग फिके करायला.’’ मी म्हटलं, ‘‘फिक्या रंगांच्या बाटल्या तर वेगळ्या दिल्यात की.’’ झालं! मास्तरांचा आवाज चढला. ‘‘रंगात बोट घालून तुला चार दिवस नाही झाले, आणि मला शिकवतेस? धागे कापत होतीस तेच बरं होतं!’’ ट्रेसर हसले, बाया हसल्या, सुमनसुद्धा पदरात तोंड घालून हसली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्याच दिवशी दुपारी, चहाच्या वेळेला, मी वाळलेल्या पन्न्या मोजून रचत होते. मास्तर समोर उभे होते. एक पन्नी उचलून मी सहज अंगाशी धरली. मी त्या दिवशी हिरवी साडी नेसले होते. मास्तर बोलता बोलता थांबले. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पोटाशी धरलेल्या ठेसूकडे बघत होते. मीही खाली बघितलं. ठेसूचे डोळे हिरवे होते... माझ्या साडीचा रंग, तिच्यावरची बुट्टीसुद्धा त्याच्या एका डोळ्यात आली होती. मास्तरांनी पन्नी घेतली, आपल्या शर्टावर धरली, मग भिंतीवर, मग लाकडी दारावर. प्रत्येक ठिकाणी डोळे बदलत गेले. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं गावाला जायचं होतं, चुलत भावाच्या उत्तरकार्याला. खाली रिक्षा थांबली होती. ते हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, ‘‘विमल, उद्या सगळ्यांना सांग. पांढरं भरायचं. डोळे, दात, शीड. एक नंबरची बाटली. झालेल्या पन्न्या पण काढा आणि भरा. माल शुक्रवारी जायचाय, होऊन जाईल.’’ मी म्हटलं, ‘‘बरं.’’ आणि ते गेले.

एवढंच. सकाळी तू बरोबर होतीस, असं काही ते बोलले नाहीत. माझी चूक झाली, असंही नाही. बोलले असते तरी कोणाला ऐकू गेलं असतं? अपमान सगळ्यांसमोर आणि दुरुस्ती कानात! मी घरी जाऊन भाकरी थापताना धुसफुसत होते. मनाशी ठरवलं, नाही सांगणार. गुरुवारी येतील, तेव्हा सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगू देत, की पांढरं भरायचं असतं, विमल म्हणत होती ते खरं होतं. गुरुवार-शुक्रवार दोन दिवस हातात आहेत, सगळ्या मिळून भरून टाकू. त्यांना थोडं खाली बघायला लागावं, इतकीच माझी इच्छा होती. त्याहून जास्त वाईट मी चिंतलं नव्हतं, देवाशपथ. पण मंगळवारी दुपारी देसाई आले. मुंबईच्या कॅमेऱ्याला काम कमी पडलं होतं, जेवढा माल तयार आहे तेवढा आजच द्या म्हणाले. पन्न्यांमध्ये बटर पेपर घालून आम्ही खोके भरले. मी स्वतःच्या हातानं दोऱ्या बांधल्या. जिन्यावरून खोकी उतरताना मी कठड्याशी उभी होते. चार माळे उतरेपर्यंत केव्हाही एक हाक मारता आली असती... मी मारली नाही. आता हाक मारली तर ‘कालच का नाही बोललीस’ असं सगळे विचारतील, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

गुरुवारी मास्तर परतले तेव्हा माल गेलेला होता, पांढरं भरूनच गेला असं त्यांनी धरलं आणि मी त्यांना तसं धरू दिलं. पुढच्या आठवड्यात मुंबईहून फोन आला आणि त्याच्या मागोमाग हसमुखभाई एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. तेवीसच्या तेवीस जणांना त्यांनी आपल्या केबिनमध्ये उभं केलं आणि कॅसेट लावली. आपला ठेसू चालताना बघायचा म्हणून आम्ही किती वाट बघितली होती! तो गलबतावर उभा होता. वारा सुटला होता, केस उडत होते, अगदी जिवंत. मग त्यानं तोंड आमच्याकडे वळवलं. त्याला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी मागचा समुद्र हलत होता, करडा, लाटांसकट. तो हसला तर दातांतूनही समुद्र. कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मग त्यानं शीड वर ओढलं. आभाळ संध्याकाळचं, काळपट जांभळं, आणि शिडाची नुसती रेघ, आत तेच काळं आभाळ. दीपस्तंभावर बाप दोन्ही हात वर करून नाचत होता. काळ्या शिडाकडे बघून नाचत होता, आणि त्याच्याही डोळ्यांतून मागच्या भिंतीच्या विटा दिसत होत्या. मी आजवर इतकं भयाण काही पाहिलेलं नाही. हसमुखभाईंनी टीव्ही बंद केला. ‘‘मास्तर, आ शुं थयुं?’’ हे काय झालं, एवढंच ते म्हणाले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

मास्तर म्हणाले, ‘‘मी जायच्या आधी सांगून गेलो होतो.’’ कोणाला? ‘‘विमलला.’’ सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला अजून तो क्षण जसाच्या तसा दिसतो. मास्तर माझ्याकडे निर्धास्त बघत होते. पोर आहे, बोलेल, अशा खात्रीनं. मी म्हटलं, ‘‘नाही मास्तर. मला नाही सांगितलं. तुम्ही गडबडीत विसरला असाल.’’ त्यांनी मला खोटारडी म्हणावं, अंगावर यावं, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मी तिथंच फुटले असते. पण ते नुसते बघत राहिले, मग त्यांची नजर आत वळली, आपणच आपल्याला विचारत असल्यासारखी. आणि ते म्हणाले, ‘‘असेल. मीच विसरलो असेन.’’ माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता, की त्यांनी माझ्याऐवजी स्वतःवर शंका घेतली.

पुढचं काम परदेशच्या लोकांनी काढून घेतलं. ऑफिस दोन महिन्यांत बंद पडलं. आम्ही सगळ्या परत धाग्यांवर आलो, ट्रेसर आपापल्या मिलमध्ये गेले. मास्तरांनाही त्यांच्या जुन्या मिलनं परत घेतलं, पण ते चार दिवसांत घरी परतले. काढलेली फिल्म पुन्हा पुन्हा तपासायची, देठ काढला की नाही हे उठून बघायचं, असं सुरू झालं होतं. बोटं तशीच स्थिर, पण मनाचा धीर गेला. घराला कुलूप लावून रिक्षात बसायचे आणि नाक्यावरून परत फिरायचे, कुलूप लावलं का बघायला. दुकानदाराला साखर सांगायचे आणि विचारायचे, ‘‘सांगितली ना मी साखर?’’ गल्लीतले लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. मास्तरांचं डोकं गेलं, असं लोक बोलायचे, आणि ते बोलणाऱ्यांत मीही मान हलवून उभी असायचे. मला माहीत होतं, त्यांचं डोकं माझ्या-तुमच्याहून शाबूत आहे. ते मी पळवलं होतं.

आणि ठेसूनं मला सोडलं नाही. ऑफिस बंद होताना प्रत्येकीनं एकेक पन्नी आठवण म्हणून घरी नेली होती. माझ्या नवऱ्यानं ती कौतुकानं खिडकीच्या काचेला चिकटवली. सकाळी मी चुलीशी बसले की समोर ठेसू, आणि त्याच्या डोळ्यांतून आमची गल्ली. सायकलवाला एका डोळ्यात शिरायचा आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचा. एकदा मी मान वर केली तर त्याच्या डोळ्यात मास्तर उभे होते. घाबरून मी परातच पाडली. खरोखरचेच मास्तर होते, गल्लीतून चालले होते, आमच्या दाराकडे बघत. मी पन्नी ओरबाडून काढली, फाडून चुलीत घातली. प्लास्टिकचा वास दोन दिवस गेला नाही. पण पन्नी जाळून काय होतं? कोणी माझ्याकडे टक लावून बघितलं, की अजून मला त्याच्या डोळ्यांच्या मागचं दिसायला लागतं.

देसाईंनी सांगितलेली ती गोष्ट मी त्या दिवसांत पुष्कळदा मनात घोळवली. पोरगा आनंदात शीड बदलायचं विसरला म्हणे. सगळ्यांनी ते पटवून घेतलं. मला नाही पटत. जाताना बाप त्याला चार माणसांत काहीतरी बोलला असणार. परत येताना त्याला काळं शीड दिसत होतं, बदलायला वेळही होता. जरा घाबरू दे म्हाताऱ्याला, असं त्याच्या मनात आलं असणार, आणि तेवढ्यात किनारा आला. नंतर त्यानं लोकांना सांगितलं, विसरलो. लोक तरी दुसरं काय ऐकून घेतील?

दर आखाजीला मास्तर मला न्यायला यायचे, त्या प्रकारानंतरसुद्धा. पहिल्या वर्षी मी गेले. पुरणपोळी आणि आमरस ताटात तसाच ठेवून उठले. पुढच्या वर्षी पोराचा ताप पुढे केला, त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्याची कामाची पाळी. मागच्या दिवाळीत ते घरी आले होते. चहा झाला. उठताना म्हणाले, ‘‘विमल, एक विचारू? रागावू नकोस. त्या दिवशी चहाच्या वेळेला मी तुझ्याशी काही बोललो नव्हतो का गं? मला तुझी हिरवी साडी आठवते. हे आठवणं पण खोटंच असेल का?’’ ते मला पकडायला आले नव्हते. स्वतःची आठवण परत मागायला आले होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. आणि मी काय म्हटलं? ‘‘किती वर्षं तेच तेच उगाळता, मास्तर!’’ ते ‘बरं बरं’ करत चपला शोधायला लागले. दाराबाहेर गेले आणि परत डोकावून म्हणाले, ‘‘चहा घेतला ना मी?’’

ते गेल्यावर दहाव्याला, तेराव्याला मी माईंच्या घरी जाऊन भांडी घासली, पोळ्या लाटल्या, आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. वाटलं, आता कोणाला सांगायचं, कशाला सांगायचं... वैशाखात आखाजी आली. दुःखाच्या घरी सणाचा गोडवा नसतो, पण आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, म्हणून ती भरायचीच होती. सकाळी माईंचा निरोप आला, लेक आहेस, ये. मी गेले. खोलीत मास्तरांची खाट उभी करून ठेवली होती. त्या जागेवर पाण्यानं भरलेली मातीची घागर, वर खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकायचा, गेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि पाणी फिरवायचं. माईंनी घास माझ्या हातात दिला. ‘‘बलाव त्यासले,’’ त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि नावाच्या आधी रडूच बाहेर आलं. मग मी सगळं सांगितलं. सकाळचा अपमान, हिरवी साडी, रिक्षा, खोकी, केबिन, दिवाळीचा चहा. काही गाळलं नाही.

माईंनी निखाऱ्यावरची राख बाजूला सारली. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाल्या, ‘‘मी बी त्यासले म्हने, तुम्ही इसरनात. मानी ल्या, म्हने.’’ म्हणजे, मीही त्यांना विसरलात म्हणूनच सांगत राहिले, मान्य करून टाका म्हणत राहिले... माझ्या एका खोट्यानं मी त्या म्हातारीलाही आपल्या नवऱ्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, ‘‘माले एकलीले सांगीसन काय उपेग? तव्हय तं सगळा व्हतात.’’ मला एकटीला सांगून काय उपयोग, तेव्हा तर सगळे होते. मग त्यांनी घास माझ्या मुठीतून काढून घेतला, स्वतः निखाऱ्यावर टाकला आणि मास्तरांचं नाव घेऊन हाक मारली. मी भिंतीशी उभी राहिले. मला त्यांनी जा म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही.

म्हणून हे लिहिलं. त्या केबिनमध्ये आम्ही तेवीस जण होतो. काही गावी परतले, काही मुंबईला गेले, सुमनला हे आज वाचूनच कळेल. रविवारची ही पुरवणी त्यांच्यापैकी कोणाच्या हातात पडली तर ते ज्यांच्या-ज्यांच्याजवळ मास्तरांना हसले असतील, त्यांना त्यांनी हे वाचून दाखवावं. त्या सोमवारी दुपारी, चहाच्या वेळेला, पांढरं भरायचं, डोळे, दात, शीड, एक नंबरची बाटली, झालेल्या पन्न्या पण काढा आणि भरा, हे हिलाल मास्तरांनी मला सांगितलं होतं. मी समोर उभी होते. मी ‘बरं’ म्हटलं होतं.